अग्निशमन सेवा दिन

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरातील स्फोटात कामी आलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ भारतभर पाळला जाणारा दिवस. त्या दिवसापासून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह साजरा होतो. हुतात्म्यांना मानवंदना आणि आग लागूच नये म्हणून लोकशिक्षण, असे या सप्ताहाचे दुहेरी स्वरूप आहे.

‘एस. एस. फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, सोन्याच्या विटाही होत्या. वाटेत कराचीला कापसाच्या हजारो गाठी, लाकूड आणि तेलाची पिंपे चढवली गेली. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. पेट घेणारा कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात भरलेली, आणि धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. १४ तारखेला दुपारी दोन नंबरच्या कोठारातून धूर दिसू लागला. बंब आले, जवान जहाजावर चढले आणि त्यांनी कोठारात ९०० टनांहून अधिक पाणी सोडले, तरी आगीचे मूळ ठिकाण सापडेना. खाली काय भरले आहे हे कळल्यावरही ते पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत त्याहून मोठा दुसरा. गोदीतील अनेक जहाजे बुडाली किंवा मोडली. जळते तुकडे आसपासच्या वस्तीवर पडून आगी पसरल्या. मृतांचे आकडे ८०० ते १,३०० पर्यंत सांगितले जातात. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी तेथे मानवंदना दिली जाते.

ही दुर्घटना टाळता आली असती. माल भरतानाच केलेल्या चुकीची किंमत आग विझवायला आलेल्यांनी मोजली. म्हणूनच या दिवशी शौर्याइतकेच प्रतिबंधाचेही स्मरण होणे उचित आहे.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश नगरपालिकांच्या विषयांत आहे. त्यामुळे हे काम प्रत्यक्षात स्थानिक दलावर येते. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे परवानाप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैत सादर करायचे असते. तपासणीला आलेला अधिकारी जिन्यात रचलेली कपाटे, कुलूपबंद गच्ची, बंद पडलेला पंप, कोरडी टाकी असे दोष शोधतो, नोटीस देतो, पुन्हा येऊन पाहतो. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. बऱ्याचदा रहिवाशांचा रोषच पदरी पडतो. पण ही तपासणी ढिली पडली की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांच्या आगीत १४ जण दगावले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालके गेली, आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले.

सप्ताहात अग्निशमन केंद्रे लोकांसाठी खुली असतात. शाळा, कारखाने, रुग्णालये व सोसायट्यांत मॉक ड्रिल होते, छोट्या अग्निशामकाची पिन काढून तो कसा चालवायचा हे हातात देऊन शिकवले जाते. महाराष्ट्रात १४ एप्रिल हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या सुट्टीचा दिवस असल्याने शाळांतील कार्यक्रम पुढच्या दिवसांत होतात. अधिकाऱ्यांचे उच्च प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात होते. ही संस्था १९५६ मध्ये सुरू झाली.

राष्ट्रीय पातळीवरचा गौरव प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनी जाहीर होणाऱ्या पदकांतून होतो. पूर्वी अग्निशमन सेवेची पदके वेगळी होती. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवांसाठी शौर्याची दोन, विशिष्ट सेवेचे एक व गुणवत्तापूर्ण सेवेचे एक अशी चार समाईक पदके आहेत. शौर्याची नोंद घटनेवरून होते. मात्र वेळीच केलेल्या तपासणीमुळे न लागलेल्या आगीची नोंद कुठेच राहत नाही. प्रतिबंधाचे काम सेवेच्या पदकांत सामावून घेता येते, पण त्यासाठी स्वतंत्र पदक या चारांत नाही. ही उणीव भरून निघायला हवी.