पहिलीचा वर्ग, जो पहिलीत बसलाच नाही

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया, ताम्रपट आठवतात. आजचा भाग मात्र एका वर्गाचा इतिहास आहे, आणि त्या वर्गातली मुलं अजून शाळेतच आहेत. कदाचित तुमच्या घरात, शेजारच्या खोलीत बसून ती मोबाइलवर गेम खेळत असतील.

जून २०२०मध्ये महाराष्ट्रात ज्या मुलांची नावं पहिलीत घातली गेली, ती ही मुलं. नाव हजेरीपटावर चढलं आणि बालभारतीची पुस्तकं घरी आली. पण वर्गात पाय पडेपर्यंत ही मुलं दुसरीत गेली होती, दुसरीचंही अर्धं वर्ष संपलं होतं. पहिलीच्या वर्गात ती कधी बसलीच नाहीत.

टाळेबंदीतल्या शाळेबद्दल आपण खूप बोललोय. नेटवर्कसाठी झाडावर चढणारी मुलं, म्यूट राहिलेले सर, कॅमेरा बंद करून झोपलेले विद्यार्थी, सगळं बोलून झालंय. तुमच्यापैकी कुणी २०२१ला दहावीत असेल तर परीक्षा न देता पास झाल्याचे टोमणेही ऐकले असतील. या सगळ्या गोष्टींत सगळ्यात लहान मुलं मात्र मागे राहिली. तशी ती आधीही एकदा मागे राहिली होती. म्हणून सुरुवात जरा लांबून करूया.

शिकागो, सप्टेंबर १९३७

अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९३७च्या उन्हाळ्यात पोलिओची साथ आली. लस निघायला अजून दीड-दोन दशकं होती. नवं शालेय वर्ष सुरू व्हायची वेळ आली तेव्हा शहराने शाळा उघडणं पुढे ढकललं. मग मुलांना घरी काय करायला लावायचं? उत्तर होतं रेडिओ.

१३ सप्टेंबरला ‘रेडिओ शाळा’ सुरू झाली. शहरातल्या रेडिओ केंद्रांनी फुकट वेळ दिला. पाठ पंधरा-पंधरा मिनिटांचे होते. कुठल्या केंद्रावर किती वाजता कुठला विषय आहे, हे वर्तमानपत्रात छापून यायचं, सोबत प्रश्न आणि गृहपाठही असायचा. पालकांच्या शंकांसाठी शिक्षक फोनवर बसलेले असायचे. साधारण तीन आठवडे हे चाललं, मग साथ ओसरली आणि मुलं वर्गात परतली.

त्या वेळच्या तक्रारी ऐका. सगळ्यांच्या घरी रेडिओ नाही. असला तरी आवाज नीट येत नाही. शिकवण्याचा वेग जास्त आहे, मूल अडलं तर थांबवून विचारता येत नाही. २०२०च्या पालकसभेत या तक्रारी जशाच्या तशा शोभल्या असत्या.

आता त्यातला बारकावा बघा. शिकागोची रेडिओ शाळा तिसरी ते आठवीसाठी होती. तीन लाखांहून जास्त मुलांसाठी पाठ तयार झाले, पण पहिली-दुसरी त्यात नव्हती. आणि ते समजण्यासारखं आहे. ज्याला वाचता येतं, त्याला ‘पान बारा उघड’ असं रेडिओवरून सांगता येतं. ज्याला अजून बाराचा आकडाच ओळखता येत नाही, त्याला काय सांगणार?

मार्च २०२०: शाळा बंद, पण रिकामी नाही

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात करोनाचे पहिले रुग्ण मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात सापडले. त्याच महिन्याच्या मध्यापर्यंत आधी शहरातल्या आणि मग खेड्यातल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या.

शाळा बंद झाल्या, पण इमारती रिकाम्या राहिल्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याहून माणसं गावाकडे परतू लागली, तेव्हा अनेक गावांत त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेतच चौदा दिवस ठेवलं गेलं. शिक्षकही मोकळे नव्हते. कुणाची नेमणूक तपासणी नाक्यावर, कुणाची रेशन दुकानावर, पुढे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात कुणी दारोदार फिरत होतं. शाळेतली खिचडी शिजायची थांबली, तिच्या बदल्यात तांदूळ आणि डाळी-कडधान्य कोरड्या शिध्याच्या रूपात घरी जाऊ लागलं. बऱ्याच घरांचा त्या काळात शाळेशी एवढाच संबंध उरला होता.

जूनमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं. १५ जूनच्या सरकारी सूचनांमध्ये ऑनलाइन वर्गांच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. तिसरी ते पाचवीला दिवसाला एक तास, त्यापुढच्या वर्गांना जास्त. पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्ग नकोत, टीव्ही-रेडिओ चालेल. म्हणजे शिकागोने जिथे रेघ ओढली होती, बरोबर तिथेच त्र्याऐंशी वर्षांनी आपणही ओढली. पुढच्याच महिन्यात नियम बदलले आणि लहानांनाही थोडा थोडा वेळ मिळाला. पण सहा वर्षांचं मूल स्क्रीनसमोर अर्धा तास बसवायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा.

घरचा वर्ग

त्या काळात लोकांनी काय काय करून बघितलं! २० जुलै २०२०पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं घेऊन, घरातल्याच वस्तू वापरून, आईबाबांसोबत खेळत शिकायची मालिका. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येऊ लागली. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात, जिथे मोबाइलला रेंज नव्हती, तिथे पाड्यांवर भोंगा नेऊन धडे वाजवले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात, विडी आणि कापड कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या भिंतीच रंगवल्या. मुळाक्षरं, बेरीज, आकृत्या सगळं भिंतीवर. पोरं गल्लीतून जाता-येता थांबून वाचायची.

आणि अर्थातच व्हॉट्सॲप. सकाळी ग्रुपवर अभ्यास यायचा, संध्याकाळी वहीचा फोटो जायचा. आता त्या फोनचं काय, ते बघा. ‘असर’ नावाचा पाहणी अहवाल आहे, ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांबद्दल माहिती गोळा करतो. २०१८मध्ये मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२१मध्ये तो आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट! पण ज्या घरांत फोन होता, त्यांतल्याही २६ टक्के मुलांच्या हातात तो कधीच येत नव्हता. फोन बाबांचा, बाबा कामावर. संध्याकाळी फोन घरी आला की आधी दहावीतल्या ताईचा नंबर, मग सातवीतल्या दादाचा. पहिलीतल्या शेंडेफळापर्यंत पोहोचेस्तोवर चार्जिंग संपलेलं.

बरं, फोन मिळाला असं धरून चालू. तरी पहिलीत नेमकं काय शिकतात? माहिती तशी थोडीच असते. ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे आहेत, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी वेगळी, पेन्सिल मुठीत नाही तर बोटांत धरायची, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, असल्या गोष्टी. बाई बाकाजवळ येतात, हात धरून अक्षर गिरवून घेतात, मूल ‘कमळ’ला ‘कळम’ म्हणालं की तिथल्या तिथे थांबवतात. दिवसातून असं वीसदा होतं तेव्हा कुठे वाचन जमतं. फोटोतल्या वहीवरून हे दिसत नाही. वहीतलं अक्षर मुलाचं की आईचं, हेसुद्धा कळत नाही.

मग हे काम घरातल्या कुणावर तरी पडलं. कुठे आई, कुठे आजोबा, कुठे मोठी बहीण. ज्या घरात आईने स्वतः शाळा अर्ध्यात सोडली होती, तिथे तिनेही मुलासोबत नव्याने अक्षरं गिरवली. आणि जिथे दोघंही दिवसभर मजुरीला, तिथे पुस्तक कोरं करकरीत राहिलं.

परतीचा क्रम

आता परत यायचा क्रम बघा. २३ नोव्हेंबर २०२०ला नववी ते बारावी सुरू करायला परवानगी. २७ जानेवारी २०२१ला पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरात आठवी ते बारावी. पहिली ते चौथीचा नंबर लागला १ डिसेंबर २०२१ला. मुंबईत १५ डिसेंबर, पुण्यात १६ डिसेंबर.

मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ म्हणजे साडेवीस महिने. यामागे तर्क होताच. मोठ्यांची बोर्डाची परीक्षा डोक्यावर, आणि लहानांना मास्क, अंतर, हात धुणं जमणार नाही ही भीती. त्या वेळी ज्यांनी निर्णय घेतले त्यांच्यासमोर ऑक्सिजनसाठी धावणारी माणसं होती, हे विसरून आज शहाणपणा सांगणं सोपं आहे. तरी ज्यांना वर्गाची गरज सगळ्यात जास्त होती, ती मुलं रांगेत शेवटी उभी राहिली, हेही खरंच आहे.

दार उघडलं तेव्हाची शाळाही चित्रातल्यासारखी नव्हती. पालकांचं संमतीपत्र, दारात थर्मल गन, एका बाकावर एक मूल, तोंडाला मास्क. आता मला सांगा, ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना ओठ कसे मिटतात, हे मास्कमागून बाई कसं दाखवणार? त्यात मुंबईत तीन आठवडे व्हायच्या आत, ४ जानेवारीला ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद. पाठोपाठ राज्यभर. २४ जानेवारी २०२२पासून पुन्हा हळूहळू सुरुवात, पुण्यात १ फेब्रुवारीला.

पुस्तक तिसरीचं, मूल पहिलीचं

जून २०२२. पहिलं बऱ्यापैकी सुरळीत वर्ष. आपली ही मुलं आता तिसरीत. हातात तिसरीचं पुस्तक, त्यात परिच्छेदच्या परिच्छेद. समोर मूल, ज्याला जोडाक्षर आलं की घाम फुटतो. त्याच वर्षी ‘असर’वाले पुन्हा गावोगावी फिरले. देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो? २०१८मध्ये २७.३ टक्के. २०२२मध्ये २०.५ टक्के. म्हणजे पाचात एक.

शिक्षकांपुढे दोन रस्ते होते. पुस्तक पुढे न्यायचं की मुलासाठी मागे जायचं? १ जुलै २०२१ला राज्याने पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला होता, मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला. पण तो आला तेव्हा लहानांच्या शाळा बंदच होत्या. खरी दुरुस्ती वर्ग भरल्यावर झाली. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच खोलीत इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट केले गेले. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे, उतारेवाले तिसरीकडे. २०२२मध्येच ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान झालं, कारण त्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांची अंगणवाडी बुडालेली होती. त्यात गावागावांत मातांचे गट तयार झाले. टाळेबंदीत ज्या आया नाइलाजाने बाई झाल्या होत्या, त्यांना आता शाळेनेच मदतीला बोलावलं.

मग २०२४चा अहवाल आला. तिसरीचा आकडा २७.१ टक्के, जवळजवळ २०१८एवढा. बातम्या झाल्या, नुकसान भरून निघालं. पण जरा थांबा. २०२४मध्ये तिसरीत असलेली मुलं पहिलीत कधी होती? २०२२मध्ये. म्हणजे शाळा उघडल्यावर. त्यांना पहिलीचा वर्ग मिळाला होता. आपली मुलं २०२४मध्ये पाचवीत होती. पाचवीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८मध्ये साधारण पन्नास टक्के होती, २०२४मध्ये साधारण एकोणपन्नास.

हा आकडा मी दोन बाजूंनी वाचतो. तिसरीत असताना पाचात एकाला जमत होतं, पाचवीत गेल्यावर जवळपास निम्म्यांना जमलं. हे आपोआप झालं नाही. कुणीतरी पुस्तक मिटून त्या मुलाला ‘क’पासून शिकवलं. आणि दुसरी बाजू अशी, की उरलेली निम्मी मुलं तशीच पुढच्या वर्गात गेली. करोनाच्या आधीही निम्मीच मुलं वाचत होती, म्हणून आपण त्याला ‘पूर्ववत झालं’ म्हणतो.

हा वर्ग २०२५च्या जूनमध्ये सहावीत गेला. सहावीत कुणी मुळाक्षरं शिकवत नाही. इतिहास, विज्ञान, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळीकडे आधी वाचावं लागतं. वाचता न येणारं मूल तिथे गप्प बसायला शिकतं, आणि गप्प बसलेलं मूल वर्गात पटकन दिसत नाही.

म्हणून आज एक काम सांगतो. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत त्या वयाचं कुणी असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. मार्क विचारू नका. गोष्टीचं एखादं पुस्तक द्या, नाहीतर पेपरातली बातमी, आणि म्हणा, मला जरा वाचून दाखव. अडखळलं तर हसू नका, पुढचा शब्द सांगून टाकू नका. थोडं थांबा. पहिलीत बाई तेच करायच्या.

आणि तुमच्या घरी त्या दोन वर्षांत शाळा कशी भरायची, फोन कुणाच्या वाट्याला किती यायचा, कोण कुणाला शिकवायचं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. आकडे अहवालात आहेत, घरचं मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.