केळीच्या बागेची पाइपलाइन गळतेय? जॉइंट असा पक्का करा

जळगाव/धुळे : रावेर, यावल, चोपड्याची केळी असो की शिरपूर-शिंदखेड्याचा कापूस, विहीर-बोअरचं पाणी पिकापर्यंत जातं ते पाइपातूनच. गळती मात्र बहुतेक वेळा जॉइंटलाच लागते. मिनिटाला 1 लिटर गळालं, तर 8 तासांच्या विजेत 480 लिटर पाणी वाया जातं. तासाला 4 लिटर देणाऱ्या 15 ड्रिपरचं हे पाणी. शिवाय दाब घटतो आणि शेवटच्या ओळींतली झाडं तहानलेली राहतात.

वरून सोल्युशन थापू नका

पीव्हीसीचं सोल्युशन म्हणजे साधा गोंद नाही. ते पाइप आणि सॉकेट दोन्हीचा पृष्ठभाग मऊ करून त्यांना एकजीव करतं. त्यामुळे गळक्या जॉइंटवर बाहेरून कितीही थापलं तरी ते टिकत नाही. ट्यूबची पट्टी दोन-चार दिवस वेळ मारून नेते, एवढंच. गळका भाग कापून नवा सॉकेट टाकणं हाच पक्का इलाज.

जोडताना काय करावं?

- मोटर बंद करून पाइपातलं पाणी पूर्ण उतरू द्यावं. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही.
- पाइप सरळ कापावा. कडेचे काटे कानशीने घासावेत, माती कोरड्या फडक्याने पुसावी.
- सॉकेटची खोली मोजून पाइपावर खूण करावी.
- पाइपाला बाहेरून आणि सॉकेटला आतून पातळ, सारखा थर लावावा.
- लगेच खुणेपर्यंत ढकलून पाव फेरा द्यावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावं. लगेच सोडलं तर पाइप मागे सरकतो.
- डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. 24 तास थांबलेलं सगळ्यात बरं.

उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकावं. दुपारच्या उन्हात सोल्युशन लावता लावताच सुकतं.

प्रत्येक जॉइंटची रीत वेगळी

ठिबकची काळी नळी पॉलिथिनची असते, तिला सोल्युशन चिकटत नाही. तिथे जॉइनरच वापरावा. आट्याच्या जॉइंटला टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. प्लॅस्टिकचे आटे फार आवळले तर तडकतात. रबर रिंगच्या पाइपाला साबणाचं पाणी लावावं, ऑइल-ग्रीस नको, त्याने रबर खराब होतं.

पुन्हा का गळतं?

तापमानात 20 अंशांचा फरक पडला, की 6 मीटरचा पीव्हीसी पाइप 7 ते 9 मिलिमीटर लांबतो-आखडतो. उघड्यावरच्या पाइपाचे जॉइंट अशाने ओढले जातात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाइपाखाली-वर वाळू किंवा बारीक माती टाकावी. व्हॉल्व्ह एकदम बंद केला तरी जॉइंटला धक्का बसतो.

चारी बुजवताना जॉइंटची जागा तेवढी उघडी ठेवावी. मोटर चालवून प्रत्येक जॉइंट कोरडा असल्याचं पाहावं, मगच माती लोटावी.