मंडईचा दिवस

पुण्याच्या श्रोत्यांस "मंडई" हा शब्द ऐकतांच भाजीबाजार आठवेल. पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ सालीं उभी राहिली. प्रथम तिला रे साहेबांचें नांव होतें, पुढें महात्मा फुल्यांचें मिळालें. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यांत, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत, "आमच्या गांवची मंडई" असें कोणी म्हणालें, तर त्याचा अर्थ अगदीं निराळा असतो. तेथें मंडई म्हणजे दिवाळीनंतर गांवोगांव भरणारी एका दिवसाची जत्रा. शेजारच्या छत्तीसगडांत तिलाच मडई म्हणतात. लहान मुलांना बरोबर घेऊन साऱ्या कुटुंबानें एक दिवस घराबाहेर आनंदांत घालवावा, ही कल्पना आपण हल्लीं शहरांपासून शिकलों, असें पुष्कळांस वाटतें. बागा, प्राणिसंग्रहालयें, पाण्याचे खेळ यांच्या जाहिराती पाहून तसें वाटणें स्वाभाविकहि आहे. पण आमच्या झाडीपट्टीनें ही सोय फार पूर्वींच करून ठेविली होती. ती कशी उभी राहिली, तींत लहान मुलाची जागा कोणती होती, आणि आज तिच्यापैकीं काय उरलें आहे, एवढ्याच गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

मी राहतों तें लाखनी गांव भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. नागपूर येथून सुमारें ऐंशी किलोमीटर. हाच रस्ता पूर्वेस रायपुराकडे जातो. रस्ता सोडून आंत वळलें, कीं दोन्ही अंगांस धानाच्या बांध्या लागतात आणि बांध्यांच्या वरच्या अंगास तळें दिसतें. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, तें उगीच नव्हे. यांतील पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या पाटलांनीं बांधिले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधला, असें परंपरा सांगते. त्याच्या भोंवतालच्या टेकड्यांस लोक "सात बहिणी" म्हणतात. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि "माजी मालगुजारी" या दोन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून ते "मामा तलाव" झाले. शाळेंत हा शब्द प्रथम ऐकणाऱ्या मुलांचा समज असा होई, कीं हें आपल्या मामाच्याच गांवचें तळें. मीं तो समज फारशा घाईनें कधीं दूर केला नाहीं. कारण मामाच्या गांवीं तळें नाहीं असें मूल या भागांत विरळाच.

या तळ्यांवर पोसलेली धानाची शेती हीच मंडईची जननी होय. हलकें धान दिवाळीच्या सुमारास हातीं येतें. भारी धान त्यामागून कापणीस येतें. या दोहोंच्या मध्यें कुणब्यास, पोवारास, कोहळ्यास थोडी उसंत सांपडते. पाऊस संपलेला, वाटा वाळलेल्या, थंडी बेताची आणि हातांत चार पैसे आलेले. त्याच दिवसांत भाऊबीजेच्या निमित्तानें लेकी आपल्या मुलांसह माहेरीं आलेल्या असतात. एवढा योग जुळल्यावर गांवानें उत्सव केला नसता तरच नवल! परंतु या लोकांचें खरें शहाणपण पुढेंच आहे. प्रत्येक गांवानें आपली मंडई शेजारच्या गांवाचा दिवस सोडून ठरवावी, असा प्रघात पडला. आज या गांवचे लोक त्या गांवीं पाहुणे, तर उद्यां त्या गांवचे लोक या गांवीं. त्यामुळें दुकानदारास आणि दंडारीच्या मंडळींस एका गांवाहून दुसऱ्या गांवीं फिरतां येई, आणि मुलांस एक सोडून चार मंडया पाहावयास मिळत. लग्नाच्या सोयरिकीचीं पहिलीं बोलणींहि याच फिरण्यांत निघत.

मंडईचा आरंभ मात्र गाईपासून होतो. बलिप्रतिपदेस आमच्याकडे "गायगोधन" म्हणतात. त्या दिवशीं गुरांस धुऊन, त्यांचीं शिंगें रंगवून, गळ्यांत माळा घालून त्यांना आखरावर आणतात. गुरें राखणें हा गोवारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. म्हणून हा दिवस मुख्यतः त्यांच्या मानाचा. उंच बांबूस कापड आणि मोरपिसें बांधून सजविलेली त्यांची "ढाल" वाजतगाजत निघते. गोवारी गडी डफाच्या तालावर नाचत घरोघर जातात आणि गृहस्थाच्या गोठ्यास आशीर्वाद देतात. पुढें मंडईच्या दिवशीं हीच ढाल बाजाराच्या जागीं येते आणि मंडई भरली असें लोक मानतात. वर्षभर ज्याच्या हातीं गांवचीं गुरें सोंपविलीं, त्याच्या पुढें एक दिवस साऱ्या गांवानें उभें राहावें, यांत मोठा अर्थ आहे.

आतां मुलांच्या दृष्टीनें हा दिवस कसा जाई तें पाहूं. मी सांगतों ती गोष्ट साठ-पासष्ट वर्षांपूर्वींपासून एस्. टी. घरोघरच्या उपयोगाची होईपर्यंतच्या काळाची. सकाळींच खासर जुंपली जाई. तींत तणीस पसरून वर घोंगडी टाकीत. म्हाताऱ्या आणि तान्हीं मुलें मध्यें, मोठीं मुलें मागें पाय सोडून, पुरुषमंडळी बहुधा पायींच. ज्या गांवची मंडई, तेथें मावशी, आत्या किंवा मामा असावयाचाच. त्यामुळें उतरण्याची, जेवण्याची, तान्ह्या मुलास निजविण्याची चिंता नसे. दुपारीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी बाजाराकडे निघत. जिलेबी, बत्तासे, मुरमुरे आणि भजीं. फुगे, पिपाण्या, भिंगऱ्या आणि कागदी चष्मे. बांगड्यांचीं आणि भांड्यांचीं दुकानें. मुलाच्या हातावर प्रत्येक नातलग एखादें नाणें ठेवी, आणि तें कोठें खर्चावें हा त्या दिवशींचा त्याचा सर्वांत गहन प्रश्न असे. व्यवहाराचें पहिलें गणित पुष्कळ मुलें शाळेपूर्वीं मंडईंतच शिकलीं.

एकीकडे दंडार चालू असे. दंडार हा झाडीपट्टीचा जुना नृत्यनाट्याचा प्रकार; पुरुषच स्त्रीचीं सोंगें घेत, आणि गण-गौळणीपासून थट्टेपर्यंत सर्व कांहीं त्यांत चाले. रात्रीं नाटक. झाडीपट्टीचें नाटक रात्रीं सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतें. गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज वडसा हें आज या नाटकमंडळ्यांचें केंद्र आहे, आणि या रंगभूमीची सेवा करणारे परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. नाटकास लहान मुलांना आणूं नये, असें येथें कोणीं कधीं म्हटलें नाहीं. पहिल्या अंकांत मुलें पुढें बसत, दुसऱ्यांत आईच्या मांडीवर येत, तिसऱ्यांत निजत. पहांटे गाडींत निजलेल्या स्थितींतच तीं घरीं परत जात. अर्धें नाटक आणि अर्धें स्वप्न असा तो त्यांचा प्रयोग असे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मंडई मुलांकरितां भरत नव्हती. ती गाईगुरांकरितां, देवाकरितां, सोयऱ्याधायऱ्यांकरितां आणि बाजाराकरितां भरत होती. मूल हें तींत पाहुणा नव्हतें, वाटेकरी होतें. निव्वळ मुलांचे म्हणून जे दिवस होते, ते निराळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा होतो. मुलें लांकडाचे बैल सजवून आणतात, आणि घरोघर जाऊन "बोजारा" म्हणजे खाऊपैसा मिळवितात. १८०६ सालीं नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनीं ही प्रथा सुरू केली असें सांगतात. कार्तिकांत आवळीखालीं जेवण्याची चाल तर महाराष्ट्रांत सर्वत्रच आहे. तिला वनभोजनाचें आमचें मूळ रूप म्हणण्यास हरकत नाहीं. आणि धानाची मळणी आटोपल्यावर येणारा शंकरपट! लाखनीचा शंकरपट या भागांतील जुन्या पटांपैकीं एक. त्या दिवसांत शाळेचा पट एकाएकीं रोडावे. एका पटानें दुसरा पट ओस पाडावा, हें आम्हां शिक्षकांस दरसाल पाहावें लागे.

नव्या प्रकारची सहल या भागांत आली ती आगगाडीबरोबर. १८८० नंतर नागपुराहून पूर्वेकडे गाडी धावूं लागली. लाखनीस ती आली नाहीं; पण भंडाऱ्याजवळ वरठी येथें स्थानक झालें आणि नागपूर एका दिवसांत पाहून येणें शक्य झालें. नागपुरांत १८६३ पासून पदार्थसंग्रहालय होतेंच. लोकांनीं त्याचें नांव "अजब बंगला" ठेविलें, आणि तें इतकें समर्पक होतें कीं सरकारी नांव कोणाच्या तोंडीं बसलेंच नाहीं. भोसल्यांच्या महाराजबागेंत १८९४ पासून प्राणिसंग्रहालय झालें. वाघ पिंजऱ्यांत पाहण्यासाठीं झाडींतल्या लोकांनीं नागपुरास जावें, ही मौजच म्हणावयाची! १९५६ सालीं आमचा जिल्हा मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झालें, आणि पुढें गांवोगांव एस्. टी. पोंचली. १९७० सालीं नागझिरा अभयारण्य झालें, १९७५ सालीं नवेगांव राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं हीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आतां नागपूरचीं कुटुंबें वाघ पाहण्यास इकडे येतात. वनांचें रक्षण झालें हें उत्तमच. परंतु या सहलींत आणि मंडईंत एक मूलभूत भेद आहे. फाटकावर पैसे भरून आंत गेलेलें कुटुंब पुष्कळ पाहतें, पण कोणास भेटत नाहीं. मंडईस गेलेलें कुटुंब पाहण्यापेक्षां भेटण्यासाठींच गेलेलें असे.

तथापि जुनें तें सर्व सोनें, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. ज्या घरीं पाहुणे उतरत, तेथील गृहिणीची मंडई चुलीपुढेंच जाई. बाजारांत तिला पोंचेपर्यंत दिवे लागलेले असत. जातिभेद मंडईंतहि होताच. कोणीं कोठें बसावें, कोणाच्या हातचें पाणी घ्यावें, याचे निर्बंध सणाच्या दिवशीं कांहीं सुटत नसत. दारू आणि जुगार यांनीं कित्येकांच्या धानाचे पैसे एका रात्रींत संपत. शंकरपटांत बैलांचे हाल होत, हेंहि खोटें नव्हे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्यांना अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्यांचे कायदे ग्राह्य ठरविले. मधल्या सात वर्षांत जीं मुलें वाढलीं, त्यांनीं पट पाहिलाच नाहीं. बैलास न मारतां, न छळतां पट होऊं शकतो कीं नाहीं, हें आतां आम्हां गांवकऱ्यांनीं कृतीनें दाखवावयाचें आहे.

आणखी एक तारीख सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. ज्या गोवारी समाजाच्या ढालीवांचून मंडई उभी राहत नाहीं, तो समाज २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं आपल्या मागण्या घेऊन नागपुरास विधिमंडळावर गेला होता. दिवाळी नुकतीच सरली होती. मोर्च्यांत बायका होत्या, कडेवर मुलें होतीं. कारण आमच्याकडचीं माणसें कोठेंहि जावयाचीं तीं कुटुंबासह. तेथें चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बायका-मुलेंच अधिक होतीं. नागपुरांत त्यांचें स्मारक आहे. मंडईंत ढाल नाचूं लागली म्हणजे मुलें टाळ्या पिटतात, आणि त्यांनीं त्या पिटाव्या. पण जाणत्या मुलास ही हकीगत सांगणें हें वडिलांचें काम आहे. ज्यांनीं आम्हांस आनंदाचा दिवस दिला, त्यांच्या वांट्यास तसा दिवस येतो कीं नाहीं, हें पाहणेंहि उत्सवाचेंच अंग मानिलें पाहिजे.

आज मंडया बंद पडलेल्या नाहींत. खासरींची जागा मोटारसायकलींनीं घेतली, पिपाण्यांची जागा विजेच्या खेळण्यांनीं घेतली, नाटकांत आतां स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करतात. हे बदल व्हावयाचेच, आणि शेवटचा तर चांगलाच झाला. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. पूर्वीं मंडई पाहावयाची म्हणजे रात्रीं मुक्काम पडे. आतां संध्याकाळीं यावें, गाडीवरून न उतरतां एक फेरी मारावी, मुलास एक खेळणें घेऊन द्यावें आणि तासाभरांत परतावें, अशी रीत पडत आहे. मुक्काम गेला, कीं मावशीचें घर गेलें. मावशीचें घर गेलें, कीं मावसभावंडें अनोळखी झालीं. लहान मुलाच्या मनांत नातें सांगून रुजत नाहीं; एका ताटांत जेवून आणि एका घोंगडीखालीं निजून रुजतें. हें काम मंडई दरसाल मुकाट्यानें करीत आली.

शहरांतील श्रोत्यांस माझी एवढीच विनंती आहे. मुलांना बागेंत न्या, संग्रहालयांत न्या, अभयारण्यांतहि न्या. त्यांत वावगें कांहींच नाहीं. पण दिवाळीच्या सुटींतील निदान एक दिवस असा ठेवा, कीं त्या दिवशीं तिकीट काढावें लागणार नाहीं, आणि जेथें जाल तेथें मुलाला नांवानें हांक मारणारें कोणी तरी असेल. वैनगंगेच्या कांठीं नातलग असतील, तर मंडईस जा. नसतील, तर आपापल्या गांवची जत्रा शोधा. महाराष्ट्रांत जत्रा नाहीं असें गांव विरळा. आणि गेलांत म्हणजे रात्रीं मुक्काम करा, मुलें नाटक पाहतां पाहतां निजलीं तरी निजूं द्या.