विमारहित वाहनापासून संरक्षण

विमारहित वाहनापासून संरक्षण : अपघातास कारणीभूत वाहनाचा विमाच नसेल, तर जखमी इसमाच्या नुकसानीची भरपाई करणारी तजवीज. अमेरिकेत ती वाहनधारकाच्या स्वतःच्या विम्यात जोडता येते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने (कलम १४६) तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला असूनही विम्याविना वाहने धावतातच, आणि मग न्यायाधिकरणाने मंजूर केलेली रक्कम अशा मालकाकडून वसूल करावी लागते, की ज्याची ऐपत पुष्कळदा बेताचीच असते. पळून गेलेल्या अज्ञात वाहनाबाबत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. कर्त्या माणसाच्या कुटुंबास ही रक्कम फारच अपुरी होय. बुलढाणा जिल्ह्यात, जेथून समृद्धी महामार्ग जातो आणि जेथे सिंदखेडराजानजीक १ जुलै २०२३ रोजी बस पेटून २५ प्रवासी दगावले, हा प्रश्न निकडीचा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना अथवा खासगी आरोग्यविमा इस्पितळाचा खर्च उचलतो; बुडालेली मजुरी व कायमचे अपंगत्व यांची जबाबदारी मात्र त्यावर नसते. ती उणीव वैयक्तिक अपघात विमा काही अंशी भरून काढतो : मालक-चालकास १५ लाखांचा विमा विहित आहे, तर पादचारी, सायकलस्वार वा शेतमजूर यांस, बँकेत खाते असल्यास, वर्षाकाठी २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतून २ लाखांपर्यंत संरक्षण घेता येते.