पित्याच्या नावाचा शिक्का

इंग्लंडच्या गादीवर 1199 पासून 1216 पर्यंत बसलेल्या जॉनइतकी दुष्कीर्ती त्या देशाच्या फार थोड्या राजांच्या वाट्याला आली. नॉर्मंडीचा मुलूख त्याने गमावला, पोपशी वैर पत्करून प्रजेला काही वर्षे धर्मविधींना पारखे केले, आणि अखेरीस 1215 मध्ये उमरावांनी रनिमीडच्या कुरणात त्याच्याकडून मॅग्ना कार्टा ही सनद वसूल केली. अशा राजाचे एखादे नाणे आपल्या संग्रही असावे, ही हौस स्वाभाविकच होय. परंतु त्याच्या अमदानीतील इंग्लिश पेनी निरखून पाहावी, तो तीवर अक्षरे आढळतात ‘हेन्रिकस रेक्स’ अशी, म्हणजे त्याच्या पित्याच्या नावाची.

दुसऱ्या हेन्रीने 1180 मध्ये आखूड क्रुसाची ही पेनी पाडण्यास प्रारंभ केला आणि त्याचे पुत्र रिचर्ड व जॉन यांनी नावासकट तोच ठसा पुढे चालविला. पेशवाईतील रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे, हे ज्ञात असलेल्या मराठी वाचकास यात नवल वाटू नये; मात्र इथला नामधारी कधीच कबरीत गेलेला होता. जॉनमागून आलेल्या तिसऱ्या हेन्रीला तर नाव बदलण्याचे कारणच उरले नाही, आणि हा ठसा 1247 पर्यंत टिकला.

तेव्हा जॉनची पेनी ओळखावयाची ती राजमुखाच्या दोन्ही बाजूंच्या कुरळ्या बटांवरून, अक्षरांच्या वळणावरून आणि मागील बाजूस कोरलेल्या, नाणे पाडणाऱ्याच्या व नगराच्या नावांवरून. ‘इल्गर ऑन लुंडे’, म्हणजे लंडनचा इल्गर, हे त्यांपैकी एक. दीड ग्रॅमच्या आतबाहेर वजनाच्या, उत्तम कसाच्या चांदीच्या या नाण्यांच्या कडा कातरण्याचा धंदा इतका बोकाळला की 1205 मध्ये जॉनने कातरलेल्या चलनाविरुद्ध फर्मान काढले आणि लंडनखेरीज इतर अनेक नगरांतील टांकसाळींतून नवे नाणे पाडविले. त्यातील आरंभीच्या नाण्यांवर ‘एस’ हे अक्षर उलटे कोरलेले दिसते, आणि संग्राहकाला याहून सोपी खूण क्वचितच लाभते. हे नाणे रिचर्डच्या ओबडधोबड नाण्यापेक्षा पुष्कळच सुबक आहे. शूर म्हणून गाजलेल्या भावाहून बदनाम जॉन निदान या एका खात्यात तरी उजवा ठरतो.

ही पेनी दुर्मिळ नाही. 1902 मध्ये कोलचेस्टर येथे सापडलेल्या एकाच ठेव्यात आखूड क्रुसाची दहा हजारांहून अधिक नाणी होती. ज्यास जॉनचे स्वतःचे नावच हवे असेल, त्याने मात्र आयर्लंडकडे वळावे: डब्लिन, लिमरिक व वॉटरफर्ड येथे पडलेल्या पेन्यांवर त्रिकोणात राजमुख असून भोवती ‘योहान्नेस रेक्स’ असे कोरलेले आहे.