शेवटच्या प्रवासाची सोबत

लग्नाला एक वेळ नाही गेलात तरी चालेल, पण मयताला जायलाच हवं, असं आपली जुनी माणसं सांगतात. खांदा द्यायला माणूस कमी पडू नये, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. २००५ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात काही मोटरसायकलवाल्यांनी नेमका हाच हिशेब केला. फरक इतकाच, की ते खांदा द्यायला नाही, तर मोठाल्या बाइक्स घेऊन गेले.

झालं असं, की तिथल्या टोपेका शहरात वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा एक छोटासा पण भयंकर कट्टर पंथ आहे. अमेरिका समलिंगी लोकांना सहन करते, म्हणून देव तिला शिक्षा देतोय आणि म्हणूनच इराकमध्ये सैनिक मरताहेत, असा यांचा अजब सिद्धांत! ही मंडळी सैनिकांच्या अंत्यविधीच्या ठिकाणी जायची आणि 'सैनिक मेले, देवाचे आभार' अशा अर्थाचे फलक नाचवायची. आई-बाप मुलाला निरोप देताहेत आणि समोर हे. कल्पना करून बघा.

अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची जुनी संघटना. तिच्या कॅन्ससमधल्या मोटरसायकलवाल्यांनी ठरवलं, की आपण मध्ये उभं राहायचं. हातात झेंडे घेऊन रांग करायची, म्हणजे घरच्यांना ते फलक दिसणार नाहीत. पलीकडून घोषणा सुरू झाल्या की गाड्या रेझ करायच्या, म्हणजे ऐकूही येणार नाहीत. शिवीगाळ नाही, हाणामारी नाही. यातूनच 'पेट्रियट गार्ड रायडर्स' ही देशभराची संघटना उभी राहिली. तिचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: कुटुंबाने बोलावल्याशिवाय जायचं नाही.

पुढे २००६ मध्ये राष्ट्रीय दफनभूमींजवळच्या निदर्शनांवर बंधनं घालणारा कायदा झाला. पण २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी त्या चर्चच्या बाजूने निकाल दिला. बोलणं कितीही घाणेरडं असलं तरी ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे कोर्टाला जे करता आलं नाही ते मोटरसायकलवाले करत होते.

पण खरी गंमत यापुढे आहे. रायडर्सचं काम निदर्शनांपुरतं राहिलं नाही. म्हातारपणी घरी वारलेले, दुसऱ्या महायुद्धातले, व्हिएतनाममधले सैनिक... त्यांच्या शववाहिकेसोबतही बाइक्स जायला लागल्या. २००७ पासून तिथे आणखी एक उपक्रम चालतो. अंत्यविधी करणाऱ्या संस्थांच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून राहिलेले अस्थिकलश शोधायचे, त्यातले माजी सैनिकांचे कोणते ते कागदपत्रांवरून ठरवायचे आणि त्यांना लष्करी दफनभूमीत सन्मानाने पोचवायचं. त्या कलशासोबतही रायडर्स असतात. ज्याचं कुणीच उरलेलं नाही, त्याच्या मागे गाड्यांची रांग!

आता आपल्याकडे वळू. सैनिकाची अंत्ययात्रा म्हटलं की तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, फुलांनी सजवलेला लष्करी ट्रक आणि पुढे झेंडे लावलेल्या बाइक्सवर 'अमर रहे' म्हणत जाणारी गावातली पोरं, हे चित्र डोळ्यांसमोर येतं. हे पूर्वीपासून असंच असेल असं वाटतं ना? तसं नाहीये. हे चित्र जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांचं आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान गेले. त्यांची आठवण म्हणून गावात आहे तो एक दगड. मेसोपोटेमियात पडलेल्या हिंदी शिपायांचं तर याहून वाईट. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली गेली आणि आपल्या साध्या शिपायांची फक्त संख्या. ज्या संस्थेने हे स्मारक बांधलं तिनेच २०२१ मध्ये एक अहवाल काढून या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी!

स्वातंत्र्यानंतरही पार्थिव घरी येणं हा अपवादच होता. १९६२ च्या युद्धात रेझांग ला इथे पडलेल्या जवानांचे देह तीन महिन्यांनी बर्फात सापडले आणि अंत्यसंस्कार तिथेच झाले. मेजर शैतान सिंह यांचं पार्थिव मात्र जोधपूरला नेण्यात आलं. १९६५ आणि १९७१ मध्येही साधारण हाच प्रकार. आघाडीवरच अग्नी द्यायचा, घरी तार जायची, मागाहून सामानाची ट्रंक. बदल झाला तो १९९९ मध्ये, कारगिलच्या वेळी. तेव्हा ५२७ जवान गेले आणि पार्थिव घरी पाठवायची पद्धत रूढ झाली. टीव्ही घरोघरी पोचलेला होता. युद्ध पहिल्यांदाच गावच्या वेशीपर्यंत आलं आणि वेशीवर त्याला घ्यायला पोरं बाइक्स काढून गेली. कुणी संघटना काढली नाही, नियम लिहिले नाहीत.

नाशिकने हे २०१९ मध्ये अनुभवलं. २७ फेब्रुवारीला काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. त्यातल्या सहा जणांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. १ मार्चला नाशिकमध्ये लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं होतं. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी सांगितलं, की हेलिकॉप्टरला आपलंच क्षेपणास्त्र लागलं होतं, ती मोठी चूक होती. पुढे २०२० मध्ये मांडवगणे यांना मरणोत्तर वायुसेना पदक (शौर्य) जाहीर झालं.

आता मला सांगा, ऑक्टोबरमधल्या त्या बातमीने १ मार्चच्या मानवंदनेत काही कमी झालं का? अजिबात नाही. कारण नाशिककर जमले होते ते मरण कशाने आलं हे तपासून नव्हे. हा माणूस आपल्यासाठी तिथे गेला होता, एवढं पुरेसं होतं.

आणि हे जर खरं असेल, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. तो तिथे गेला, आणि परत आला, तर?

नाशिकमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर. या भागात निवृत्त फौजी गल्लोगल्ली आहेत. १९७१ मध्ये विशीत असलेला गनर आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. तो जातो तेव्हा काय होतं? मुलगा पुण्याला किंवा परदेशात, सोसायटीतली चार माणसं, महापालिकेची शववाहिका, दोन तासांत सगळं आटोपतं. लष्करी मानवंदना प्रत्येक माजी सैनिकाच्या वाट्याला येतेच असं नाही. आपण मान देतो तो मरणाला, नोकरीच्या वीस वर्षांना नाही. अमेरिकेतल्या त्या रायडर्सनी हीच फट बुजवली.

आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. मूळचे औरंगाबादचे (आताचं छत्रपती संभाजीनगर), बंगळुरूत राहणारे संगीतकार उमेश जाधव यांनी पुलवामात गेलेल्या ४० जवानांच्या घरांना भेट दिली, प्रत्येक अंगणातली माती गोळा केली आणि १४ फेब्रुवारी २०२० ला लेथपोरा इथल्या स्मारकासाठी कलश सुपूर्द केला. ६१ हजार किलोमीटर, आपल्या गाडीने, कुणी सांगितलं नसताना. म्हणजे एक माणूससुद्धा पुरतो.

आणि बाइक्सचं म्हणाल तर दर रविवारी पहाटे त्र्यंबक आणि कसाऱ्याच्या रस्त्यांवर त्या दिसतातच. त्यातल्या निम्म्या बुलेट. या बुलेटचा इतिहासही मजेशीर आहे. १९५०च्या दशकात भारत सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या, म्हणून मद्रासला त्यांचा कारखाना निघाला. म्हणजे आपण मिसळ खायला जी गाडी काढतो ती मुळात फौजी आहे!

मग एखाद्या ग्रुपने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा माजी सैनिकांच्या एखाद्या संघटनेत एक फोन नंबर देऊन ठेवला तर? घरच्यांनी बोलावलं तरच जायचं. हॉर्न नाही, घोषणा नाहीत, सेल्फी तर नाहीच. घरापासून अमरधामपर्यंत दहा गाड्या संथ चालवायच्या, गेटपाशी इंजिन बंद करायचं आणि हेल्मेट काढून उभं राहायचं. नोकरीच्या दिवशी असेल तर अर्धी रजा जाईल, बाकी काही नाही.

असो. कारगिलच्या वेळी वेशीवर गेलेल्या पोरांनाही कुणी पत्रक पाठवलं नव्हतं.