जोडलेलं धनुष्य

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कधी आलात, तर पोर्ट्समथच्या गोदीतलं 'मेरी रोज' संग्रहालय चुकवू नका. आठव्या हेन्रीचं हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना बुडालं आणि ४३७ वर्षं समुद्रतळाच्या गाळात पडून राहिलं. ११ ऑक्टोबर १९८२ ला त्याचा सांगाडा वर काढला, तो दिवस इथल्या जुन्या लोकांना टीव्हीवर पाहिलेला आठवतो. गाळाने जे राखलं त्यात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण होते. त्याआधी त्या काळातली इंग्रजी युद्धधनुष्यं जवळजवळ शिल्लकच नव्हती. इतिहासकार चित्रांवरून आणि हिशेबाच्या वह्यांवरून अंदाज बांधत होते. आता ती काचेमागे आहेत, माणसापेक्षा उंच आणि मधे मनगटाएवढी जाड.

तिथे उभे राहाल तेव्हा एक गोष्ट नीट बघा. धनुष्य एकाच लाकडाचं असलं तरी त्याला दोन रंग आहेत. बाहेरच्या अंगाला फिकट थर, आतल्या अंगाला गडद. माझा हा सगळा लेख त्या दोन रंगांबद्दल आहे.

त्याचं कारण सांगतो. मी इथल्या एका धनुर्विद्या क्लबात गेली काही वर्षं जातो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, की आपलं धनुष्य आपणच करायचं. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेलं, लाँगबोच्या घडणीचं, पण तीन तुकड्यांत सुटं होणारं. सुटं अशासाठी, की ते साताऱ्याला बाबांना दाखवायला न्यायचं होतं. साडेपाच फुटांचा दांडा विमानाच्या सामानात कसा बसणार? मधली मूठ १८ इंचांची आणि दोन पाती सत्तावीस-सत्तावीस इंचांची केली, की मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांखाली आडवं बसतं. नकाशा क्लबात दाखवला तेव्हा एक वयस्कर सभासद चष्मा काढून म्हणाले, "छान आहे. पण याला लाँगबो म्हणू नका. खरा लाँगबो एका झाडाचा असतो."

ते भांडत नव्हते. मनापासून बोलत होते. पण परदेशात तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'खरा' हा शब्द जरा टोचतो. मग मी इतिहास वाचायला लागलो.

आधी धनुष्य वाकतं तेव्हा काय होतं ते बघू. दोरी ओढली की धनुष्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. धनुर्धर पहिलीला पाठ म्हणतात, दुसरीला पोट. मधल्या भागावर फारसा ताण येत नाही. बहुतेक लाकडं ताण बऱ्यापैकी सोसतात, पण दाबाने पोटाकडचे तंतू चुरगळतात आणि धनुष्य वाकडंच राहतं. यू नावाच्या झाडाला मात्र निसर्गाने सोय करून दिली आहे. त्याची सालीलगतची फिकट साल-लाकडाची कड ताणाला उत्तम आणि आतला गडद गाभा दाबाला उत्तम. जुने कारागीर ओंडका असा फाडत, की दोन्ही थर एकाच दांड्यात यावेत. म्हणजे 'एका झाडाचं' ते धनुष्यही दोन थरांचंच. जोडणी फक्त झाडाने करून दिलेली.

आणि ते झाड तरी कुठलं? इंग्लंडमध्ये यू उगवतो, पण बराचसा गाठाळ आणि वाकडा. सरळ, बारीक धाटणीचं लाकूड बाहेरून येई: आल्प्सच्या उतारांवरून, स्पेनमधून, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडून. टंचाई इतकी, की १४७२ मध्ये चौथ्या एडवर्डच्या संसदेने कायदा केला: इंग्लंडच्या बंदरात माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने दर टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणलेच पाहिजेत. पुढे तिसऱ्या रिचर्डने गोड दारूच्या दर पिंपामागे दहा दांड्यांची सक्ती केली. क्रेसी (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या लढायांच्या गोष्टी ऐकत इथली मुलं मोठी होतात, त्या अस्सल इंग्रजी हत्याराचं लाकूड असं जहाजाने यायचं. मध्य युरोपातली यूची रानं या मागणीने उजाड झाली. बंदुका आल्या आणि १५९५ मध्ये राजदरबारानेच लष्करी यादीतून धनुष्य काढायला सुरुवात केली.

आता जिथे यू नव्हता तिथल्या लोकांनी काय केलं? त्यांनी थर स्वतः जोडले. मध्य आशियापासून तुर्कस्तान आणि हिंदुस्थानापर्यंत पोटाला शिंग, मधे लाकूड आणि पाठीला जनावराच्या स्नायूंचे धागे, असं धनुष्य बनत असे. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतात. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगापासून केलेलं. शार्ङ्गधर, शार्ङ्गपाणी ही नावं आपण किती सहज उच्चारतो, पण त्यात हे तंत्र लपलंय हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. जपानात साधारण हजार वर्षांपासून लाकडाला बांबूच्या पट्ट्या चिकटवून माणसाहून उंच धनुष्यं करतात, अजूनही करतात. आणि सातपुड्यातल्या भिल्लांचं बांबूचं धनुष्य घ्या. त्यात दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आत विरळ असतात, म्हणजे तिथेही थर आहेतच. बांबूच्या चिरलेल्या पट्टीला आपण कामटी म्हणतो आणि धनुष्याला तीरकमठा. मला हे शब्द एकाच घरातले वाटतात.

माझ्या पद्धतीच्या धनुष्याचा इतिहास मात्र अलीकडचा, अमेरिकेतला. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या पदार्थवैज्ञानिकाने, ज्याने तरुणपणी रॉबर्ट गॉडर्डबरोबर रॉकेटवर काम केलं होतं, धनुष्याचं गणित मांडलं. इंग्रजी लाँगबोचा छेद पोटाला गोलसर असतो. हिकमनने दाखवलं, की या गोलाईमुळे पोटाच्या मधल्या तंतूंवर दाब एकवटतो, चपटं आयताकृती पातं तो सारखा वाटून घेतं. त्याने आणि सहकाऱ्यांनी लिहिलेले लेख १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आले. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू सहज मिळू लागला. फ्रेड बेअरसारख्या कारखानदारांनी पाठीला आणि पोटाला काचतंतूची पट्टी, मधे मेपलसारखं लाकूड, अशी धनुष्यं बाजारात आणली. शिंग आणि स्नायू यांची जागा काचेने घेतली, मांडणी तीच राहिली.

आता माझ्या गॅरेजमध्ये या.

आधी प्लायवूडचा साचा लागतो, पात्याला जी वळण हवी त्याच आकाराचा. त्यावर क्रमाने काचतंतू, मेपलच्या दोन पट्ट्या, पुन्हा काचतंतू, आणि प्रत्येक दोहोंमध्ये इपॉक्सी. मेपलच्या पट्ट्या मुठीकडून टोकाकडे हळूहळू पातळ होत जातात, इंचामागे इंचाचे दोन हजारांश भाग. एवढी बारीकी कशाला? कारण पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. दहा मिलिमीटरच्या पात्यात दशांश मिलिमीटर जास्त झाला, म्हणजे एक टक्का, तर ताठपणा तीन टक्के वाढतो. दोन पात्यांत एवढा फरक पडला तरी धनुष्य एका बाजूला झुकतं.

मी सगळं मोजून केलं. साच्याला प्लास्टिक गुंडाळलं, रबराच्या पट्ट्या ठेवून वीस शिकंजे आवळले आणि रात्रभर ठेवलं. जानेवारी होता. गॅरेजमध्ये सहा अंश. सकाळी कडांवरचा गोंद टणक लागला म्हणून मी खूश. पातं मुठीला बोल्टने बसवलं, भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं आणि कप्पीवरून दोर लांबून ओढला. (पहिल्यांदा वाकवताना कधीही धनुष्य हातात धरू नका. लांब उभे राहा, डोळ्यांना चष्मा लावा.) निम्म्यावर आलं आणि फटका फुटल्यासारखा आवाज झाला. पाठीवरची काचपट्टी टोकापासून मुठीपर्यंत उकलली होती. आत गोंद अजून चिकट होता, चघळलेल्या गोळीसारखा. दोन महिन्यांचं काम.

त्या रविवारी बाबांना व्हिडिओवर ते पातं दाखवलं. बाबा साताऱ्यात शाळेत हस्तव्यवसाय शिकवत. पुस्तकबांधणी, पुठ्ठ्याच्या पेट्या, थोडं लाकूडकाम. शाळेच्या खोलीत शेगडीवर सरसाचं भांडं असायचं, त्याचा वास माझ्या नाकात अजून आहे. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, थंडीत सरस धरत नाही. लाकूड आधी ऊन करून घ्यायचं. मी शिकवलं होतं ना तुला?"

शिकवलं होतं. मीच विसरलो होतो. हा विलायती गोंद, याला कशाला ते नियम, असं वाटलं असावं.

सरस म्हणजे कातडं आणि हाडं उकळून काढलेला गोंद. शिंगाची ती धनुष्यं अशाच जनावरी गोंदावर उभी होती, आणि तोच त्यांचा दुबळेपणाही होता. दमट हवेत तो पाणी ओढतो आणि मऊ पडतो. कोरड्या मुलखातून आलेलं हे तंत्र आपल्या पावसाळ्यात जपणं किती जिकिरीचं असेल, विचार करा. हिंदुस्थानी कारागिरांनी यावर एक निराळा तोडगा काढला. त्यांनी त्याच आकाराची धनुष्यं पोलादात घडवली. बाण तितका वेगाने जात नसे, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं ठेवली तरी ती सुटत नसत. आणि यातली काही मुठीपाशी पेचाने दोन तुकड्यांत सुटी होतात. इंग्लंडमधल्या शस्त्रसंग्रहांत ती पाहायला मिळतात. 'सुटं होणारं धनुष्य' ही अमेरिकन सोय मी समजत होतो. ती आपल्याकडे काही शतकं आधी होती.

दुसऱ्या खेपेला मी एक लांबट पेटी केली, आत जुन्या पद्धतीचे तापणारे दिवे लावले आणि सत्तर अंशांपर्यंत ऊब धरली. पट्ट्या आधी खरवडल्या, पुसल्या, बोट लावलं नाही, आणि हो, लाकूड ऊन करून घेतलं. एप्रिलमध्ये दोन्ही पाती भिंतीवर पूर्ण वाकली आणि काहीच आवाज झाला नाही. पुढचे तीन आठवडे तोल साधण्यात गेले. इथे जाडीला हात लावता येत नाही, काच कापली जाते. म्हणून कडा घासून रुंदी कमी करत जायचं, दोन घासे मारायचे, वाकवून बघायचं. तुम्ही करणार असाल तर नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, काचेची धूळ फुफ्फुसाला वाईट. शेवटी २८ इंच ओढीला ३८ पौंड भरलं. मेरी रोजवरची धनुष्यं शंभर पौंडांच्या पुढची, तेव्हा फुशारकी नको. पण बाण सरळ जातो.

क्लबातल्या त्या गृहस्थांना मी यूच्या दोन थरांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, ते मला माहीत आहे. मग माझं धनुष्य मागून घेतलं, सहा बाण मारले आणि परत देताना म्हणाले, "खालचं पातं अजून जरा ताठ आहे." ते बरोबर होतं. लाँगबो म्हणायचं की नाही, यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

मे महिन्यात ते सुटकेसमधून साताऱ्याला गेलं. बाबांनी मूठ आणि पाती जोडताना बघितली, बोल्ट स्वतः आवळले, पण दोरी ओढली नाही, खांदा दुखतो म्हणाले. त्यांनी पात्याच्या कडेवरून नख फिरवलं, जोड लागतोय का ते बघायला. मग विचारलं, "पावसाळ्यात काय होईल याचं?"

मला वाचून माहीत होतं की इपॉक्सी टिकतो. पण साताऱ्याचा पाऊस पुस्तकात नसतो. म्हणून त्याच गोंदाने जोडलेली एक उरलेली पट्टी तिथे ठेवून आलो. बाबांनी ती मागच्या पडवीत, वळचणीच्या पाण्याखाली, खिळ्याला टांगली. जून, जुलै, ऑगस्ट दर रविवारी मी विचारायचो आणि ते "बघतो" म्हणायचे. गणपतीत फोन केला तेव्हा आपणहून म्हणाले, "तुझी पट्टी काढून बघितली. जोड शाबूत आहे. खिळा मात्र गंजला."